युवराजानं गादी सोडावी, की नायिकाच राजघराण्यातली निघावी?

प्रश्न (नाव न छापण्याच्या विनंतीवरून सारांश): एका वाचक-लेखिकेच्या पहिल्या प्रेमकादंबरीचा खर्डा पूर्ण झाला आहे. 24 प्रकरणं, साधारण 70 हजार शब्द. राज्य काल्पनिक, काळ आजचा. नायिका जुने दस्तऐवज दुरुस्त करते. राजवाड्याच्या दफ्तरखान्यात ती कामाला येते आणि तिथे भेटलेल्या तरुणाच्या प्रेमात पडते. तो युवराज आहे हे तिला 10व्या प्रकरणात कळतं. पुढे महाराणींचा विरोध, वर्तमानपत्रांतली बदनामी, ताटातूट. 23व्या प्रकरणात नायिकेच्या आजीच्या पेटीत काही कागद सापडतात, ती राजघराण्याच्याच हरवलेल्या शाखेतली निघते आणि लग्न होतं. खर्डा दोन मैत्रिणींनी वाचला. एकीला शेवट फसवा वाटला. दुसरी म्हणाली, युवराजानं गादी सोडायला हवी, खरं प्रेम तेच. निम्म्यानंतर कथा रेंगाळते, यावर मात्र दोघींचं एकमत आहे. लेखिका विचारतात: कोणता शेवट ठेवू? आणि शेवट बदलला तर बाकीचं आहे तसं चालेल का?

उत्तर: तुमचा आत्ताचा शेवट आणि मैत्रिणीनं सुचवलेला शेवट वरवर एकमेकांच्या उलट दिसतात. एकात ती वर जाते, दुसऱ्यात तो खाली येतो. पण दोन्हीकडे होतं एकच: दोघांमधलं अंतर पुसलं जातं. वाचकानं पुस्तक हातात घेतलेलं असतं ते त्या अंतरासाठी. एक सामान्य मुलगी आणि एक युवराज, आपापल्या जागी राहून एकमेकांचे होऊ शकतात का, असं तुम्ही पहिल्या पानापासून विचारत येता, आणि शेवटी सांगता की ती सामान्य नव्हतीच. फसवं वाटलं ते यामुळे. तो युवराज राहिला नाही असं सांगितलंत तरी मूळ प्रश्नाला बगलच दिली जाते, फक्त ती जरा जास्त रडवते.

म्हणून शेवटाचा विचार तूर्त बाजूला ठेवू. मला दोघींचं एकमत झालेला शेरा जास्त मोलाचा वाटतो. कथा निम्म्यानंतर रेंगाळते याचं कारण 23व्या प्रकरणात नाही, 11 ते 18 या प्रकरणांत आहे. तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: बाकीचं आहे तसं चालणार नाही. पण तुम्हाला भीती वाटत असेल तेवढं फेकावंही लागणार नाही.

तुमच्या कथेत अडथळा कोण आहे? महाराणी. त्या नाही म्हणतात. ठीक. आता स्वतःला विचारा: त्या नाही म्हणाल्या आणि या दोघांनी तरीही दुसऱ्या दिवशी लग्न केलं, तर नेमकं काय होईल? लग्न बेकायदा ठरेल? त्याचा वारसाहक्क जाईल? मुलांचा जाईल? नुसताच आईचा अबोला होईल? पत्रासोबतच्या प्रकरणवार आराखड्यात याचं उत्तर कुठेच नाही. त्यामुळे 12व्या, 14व्या आणि 17व्या प्रकरणात एकच भांडण तीनदा होतं. जागा बदलते, आवाज चढतो, पण प्रसंग संपल्यावर सगळे होते तिथेच असतात. नुसता राग तीनदा दाखवला की तो तिसऱ्यांदा पातळ होतो. नियमाचं तसं नसतं. नियमाला पायऱ्या असतात, मुदती असतात, पळवाटा असतात, कुणाच्या तरी सहीची गरज असते. प्रत्येक पायरीवर एक प्रसंग उभा राहतो.

राजघराण्यांत हे नियम किती वेगवेगळे असतात ते पाहण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये 1772च्या कायद्यानुसार राजघराण्यातल्या व्यक्तीला लग्नासाठी राजाची संमती लागायची, आणि संमतीशिवाय केलेलं लग्न मुळातच रद्दबातल ठरायचं. वयाची 25 वर्षं पूर्ण झाली की प्रिव्ही कौन्सिलला, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाला, एक वर्ष आधी सूचना देऊन, राजाच्या संमतीविना लग्न करता यायचं, पण त्या वर्षात संसदेच्या दोन्ही सभागृहांनी नापसंती दर्शवली नाही तरच. राणी एलिझाबेथची धाकटी बहीण राजकन्या मार्गारेट 1955 साली 25 वर्षांची झाली तेव्हा सगळ्या जगाचं लक्ष याच तरतुदीकडे होतं. 31 ऑक्टोबर 1955 रोजी तिनं निवेदन काढून घटस्फोटित पीटर टाउनसेंडशी लग्न करणार नसल्याचं जाहीर केलं. 2013च्या कायद्यानं ही जुनी चौकट मोडली. आता वारसाक्रमातल्या पहिल्या सहा व्यक्तींनाच संमती लागते, आणि ती न घेता लग्न केलं तर लग्न टिकतं, जातो तो वारसाहक्क. नेदरलँड्समध्ये संमती संसदेची लागते. राजपुत्र फ्रिसो यांच्या लग्नासाठी सरकारनं संसदेकडे प्रस्ताव न्यायला नकार दिला. त्यांनी 2004 साली तरीही लग्न केलं आणि वारसाक्रमातून ते बाहेर पडले. जपानमध्ये राजघराण्यातल्या पुरुषाच्या लग्नाला शाही परिषदेची मान्यता लागते, आणि राजकन्येनं घराण्याबाहेर लग्न केलं की तिचा राजघराण्यातला दर्जा संपतो. प्रश्न एकच, पण प्रत्येक देशाच्या उत्तरातून वेगळी कादंबरी निघेल.

तुमचं राज्य काल्पनिक आहे, म्हणजे कायदा लिहायचा अधिकार तुमच्याकडे आहे. तो एका पानात लिहून काढा. संमती कुणाची: राजाची, मंत्रिमंडळाची, संसदेची की धर्मपीठाची? नकार देताना कारण सांगावं लागतं का? किती दिवसांत उत्तर द्यावं लागतं? संमतीविना लग्न केलं तर काय जातं आणि कुणाचं जातं, त्याचं एकट्याचं की मुलांचंही? लग्नानंतर तिला कोणता किताब मिळतो, नागरिकत्व किंवा धर्म बदलावा लागतो का? हे पान कादंबरीत जसंच्या तसं यायला नको. तुमच्याजवळ हवं, म्हणजे 11व्या प्रकरणापासून प्रत्येक पात्राला आपण कशाविरुद्ध उभे आहोत ते कळेल. आणि कृपा करून मुदत ठेवाच. अर्ज केल्यापासून 90 दिवसांत मंत्रिमंडळानं उत्तर द्यायचं, एवढी एक ओळ घातलीत तरी मधल्या आठ प्रकरणांना कणा मिळेल.

यानं एक उपफायदा होतो, जो मला फार आवडतो. अडथळा कायद्यात गेला की महाराणी मोकळ्या होतात. त्यांना खलनायिका व्हायची गरज उरत नाही. त्यांना मुलगी आवडू शकते, आणि तरीही त्या सही करू शकत नाहीत. अशी आई लिहायला अवघड असते, पण वाचकाच्या मनात तीच राहते.

आता ओळख लपवण्याबद्दल. दहा प्रकरणं फार झाली. आजच्या काळात युवराजाचा चेहरा लहानपणापासून छापला जात असतो, टपाल तिकिटावर असतो, दर राष्ट्रीय दिनाला सज्जात दिसतो. नायिकेला तो ओळखू येत नसेल तर वाचक तिच्या बुद्धीवर शंका घेतो, आणि तीन-चार प्रकरणं गेली की युवराजाच्या सचोटीवर. डेन्मार्कचे फ्रेडरिक आणि मेरी यांची पहिली भेट 2000 साली सिडनीच्या ऑलिम्पिकच्या वेळी एका पबमध्ये झाली. समोरचा तरुण डेन्मार्कचा युवराज आहे हे मेरीला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि ते तिला अर्ध्या तासात कुणीतरी येऊन सांगितलं. प्रत्यक्षात गुपित टिकतं ते इतकंच. तुम्हाला लपवाछपवी हवीच असेल तर ती तिसऱ्या प्रकरणाअखेर संपवा, आणि त्याआधी एक असा क्षण ठेवा जेव्हा तो सांगू शकत होता आणि त्यानं सांगितलं नाही. पुढे भांडण त्या क्षणावरून होऊ दे. ‘तू मला फसवलंस’ यापेक्षा ‘त्या संध्याकाळी मी तुला थेट विचारलं होतं’ हे वाक्य जास्त लागतं.

माझा कौल मात्र वेगळा आहे. तिला पहिल्या भेटीतच सगळं माहीत असू दे. राजवाड्याच्या दफ्तरखान्यात काम करणारी बाई युवराजाला ओळखणार नाही, हे पटत नाही. ओळखूनही ती त्याच्याशी कशी वागते, यात प्रेमकथा सुरू होते.

एक साधन वापरून पाहा. कोऱ्या कागदावर लिहा: या प्रेमाची बातमी कुणाला, कोणत्या क्रमानं आणि कोणत्या प्रकरणात कळते. तुमच्या खर्ड्यात ती एकदम सगळ्यांना कळते, वर्तमानपत्रातून. असं होत नाही. पहिल्यांदा कळतं अंगरक्षकाला, कारण युवराज जिथे जातो तिथे तो आधी जाऊन खोली पाहून आलेला असतो. मग खासगी सचिवाला, कारण ठरलेल्या कार्यक्रमांतून अर्धा-अर्धा तास गायब होऊ लागतो आणि त्याचा हिशेब त्यालाच लावावा लागतो. नंतर भावंडांना, त्यानंतर आईवडिलांना, मग सरकारला, शेवटी वर्तमानपत्रांना. या सहा पायऱ्यांवर सहा वेगळे प्रसंग आहेत, आणि प्रत्येकात कुणीतरी गप्प राहायचं की बोलायचं हे ठरवतं. सचिव चांगला लिहा. अशा कथांत तो बहुधा चष्मा लावून नियम वाचणारा रूक्ष माणूस असतो. खरं तर युवराजाच्या आयुष्यातली प्रत्येक मिनिटाची जागा त्याला ठाऊक असते. युवराज आनंदात आहे हे सगळ्यात आधी त्याच्याच लक्षात येणार.

युवराजाच्या दिवसाबद्दलही थोडं. तुमच्या 24 प्रकरणांत तो एकदाही काम करताना दिसत नाही. घोड्यावर दिसतो, सज्जात दिसतो, खिडकीतून बाहेर बघताना तर चारदा दिसतो. आजच्या घटनात्मक राजघराण्यातल्या वारसाचं वेळापत्रक कित्येक महिने आधी ठरलेलं असतं. उद्घाटनं, लष्करी समारंभ, परदेशी पाहुणे, इस्पितळांच्या भेटी, वाचायचे सरकारी कागद. राजकीय मत जाहीर बोलायचं नाही. ज्याला आपल्या मंगळवारवर हक्क नाही असा माणूस प्रेमात पडला की काय काय जुळवावं लागेल, ते लिहा. भव्य दिवाणखाने आपोआप मागे पडतील आणि दोघांना एकत्र मिळालेली वीस मिनिटं मोठी होतील.

आता नायिकेकडे येऊ, कारण माझ्या मते कादंबरीचं खरं दुखणं इथे आहे. पहिल्या तीन प्रकरणांत तिचे हात काम करतात. तिसऱ्या प्रकरणानंतर ते फक्त थरथरतात, पदर चाळवतात आणि अश्रू पुसतात. तुम्ही तिला एवढा सुंदर व्यवसाय दिलात आणि तोंडी लावण्यापुरता वापरलात. मैत्रीण म्हणते युवराजानं गादी सोडावी, कारण खर्ड्यात सोडण्यासारखं काही आहे ते फक्त त्याच्याकडे. नायिकेकडे गमावण्यासारखं काहीच नाही, तिला सगळं मिळायचंच आहे. अशी नायिका कितीही गोड असली तरी तिच्या होकाराला वजन येत नाही.

तिचं काम नीट दाखवायचं तर त्यातलं एक तंत्र पुरे. शतकानुशतकं युरोपातल्या नोंदवह्या ज्या शाईनं लिहिल्या गेल्या ती मायफळ (ओकच्या झाडावरची गाठ) आणि लोहाचा क्षार यांपासून करत. लिहिताना फिकी, हवेनं काळी होत जाणारी, आणि आम्लधर्मी. ती हळूहळू कागद खाते. जिथे लेखणी जास्त दाबली गेली तिथे अक्षराच्या आकाराचंच भोक पडतं. अशा पानाची फाट ओल्या खळीनं सांधणं धोक्याचं असतं. ओल लागली की शाईतला विरघळणारा लोह-अंश आजूबाजूच्या चांगल्या कागदात पसरतो आणि तिथेही पान कुजायला लागतं. म्हणून जिलेटिनचा हात देऊन आधीच वाळवलेला पातळ जपानी टिश्यू घ्यायचा, त्याला टिपकागदावर जेमतेम दमटपणा द्यायचा, चिमट्यानं फाटीवर ठेवायचा आणि हलक्या दाबानं बसू द्यायचा.

आता तुमची पहिली भेट बघा. खर्ड्यात तो दफ्तरखान्यात शिरतो, दोघं एकाच पुस्तकाला हात लावतात, नजरानजर होते. त्याऐवजी असं होऊ दे. तो बाहेरच्या पावसातून आला आहे, बाही ओली आहे. उघड्या नोंदवहीवर वाकून तो आपल्या पणजोबांचं नाव शोधायला लागतो. ती त्याचं मनगट धरते आणि बाजूला करते. म्हणते, ‘ओलं आहे. दोन पावलं मागे उभे राहा.’ दारातला अंगरक्षक पुढे सरसावतो, कारण युवराजाला असा हात कुणी लावत नाही. ती मान वर करत नाही, टिश्यू वाळायच्या आत बसवायचा असतो. तो दोन पावलं मागे होतो. या पाच-सहा ओळींत ती कोण, तो कोण, नियम कोणता आणि तो कुणी मोडला, सगळं आलं. डोळ्यांचा रंग नंतर सांगितलात तरी चालेल.

हे काम तिच्या हाती असलं म्हणजे मग विचारता येतं: लग्नानंतर ते राहील का? राजघराण्यात आलेल्या माणसांनी काय काय मागे ठेवलं याच्या नोंदी उघड आहेत. मेरीनं 2004च्या लग्नासाठी आपलं नागरिकत्व आणि आपला चर्चपंथ बदलला. नेदरलँड्सच्या युवराजाशी लग्न केलेल्या मॅक्सिमा यांचे वडील अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीत मंत्री होते. 2002 साली मुलीच्या लग्नाला ते हजर राहिले नाहीत, कारण ते आले असते तर वाद पेटला असता. लग्नात बापाची खुर्ची नाही, एवढी एक गोष्ट घेऊन अख्खं प्रकरण लिहिता येईल. जपानच्या मिचिको 1959 साली युवराज अकिहितोंशी लग्न करून सामान्य घरातून राजघराण्यात आल्या. लग्नाला 34 वर्षं झाल्यावर, 1993 साली, मासिकांतून आलेल्या टीकेच्या काळात त्या कोसळल्या आणि कित्येक महिने त्यांना बोलता आलं नाही. तुमच्या नायिकेसाठी तीन गोष्टींची यादी करा, प्रत्येक हातात धरता येईल अशी: तिचं कामाचं टेबल, बहिणीबरोबर केव्हाही बाहेर पडण्याची मोकळीक, स्वतःच्या नावानं लेख लिहिण्याचा हक्क. ‘स्वातंत्र्य’ असा मोघम शब्द यादीत नको. यातली एक गोष्ट ती शेवटी गमावेल, एक वाचवेल, आणि एकीसाठी भांडेल.

आता आजीच्या पेटीकडे वळू. पेटी काढा, पण सापडलेले कागद ठेवा. ते तिच्या घरी सापडण्याऐवजी तिच्या टेबलावर, ती दुरुस्त करत असलेल्या विवाह-नोंदवहीत सापडू देत. एक पान चिकटवून झाकलेलं आहे. खाली शंभर वर्षांपूर्वीच्या एका असमान, म्हणजे राजघराण्याच्या बरोबरीच्या नसलेल्या बाईशी झालेल्या, विवाहाची नोंद आहे, ज्यातल्या मुलांना वारसाक्रमातून काढलं गेलं. त्या माणसांशी तिचं काही नातं नाही. तिला फक्त कळतं की आपल्या जागी आधी कुणीतरी उभं होतं आणि त्या बाईचं पुढे काय झालं. वर तिची व्यावसायिक जबाबदारी अशी की दुरुस्तीला आलेल्या कागदांतला मजकूर बाहेर बोलायचा नाही, ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याशीसुद्धा नाही. हा तुमच्या 12व्या प्रकरणाचा प्रसंग. कादंबरीच्या बरोबर मध्यावर तिच्यापुढे असा प्रश्न उभा राहतो जो केवळ तिचाच आहे.

त्या जुन्या जोडप्यासाठी आधार हवा असेल तर ऑस्ट्रियाच्या गादीचा वारस आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड आणि सोफी खोतेक यांचा इतिहास वाचा. सोफी सरदार घराण्यातली होती, तरी राजघराण्याच्या बरोबरीची नव्हे. 28 जून 1900 रोजी त्याला शपथपूर्वक लिहून द्यावं लागलं की तिची मुलं गादीवर हक्क सांगणार नाहीत. मग 1 जुलैला लग्न झालं. दरबारी मिरवणुकीत तिची जागा सगळ्या राजस्त्रियांच्या मागे असे. बरोबर 14 वर्षांनी, 28 जून 1914 रोजी, सारायेव्होत दोघंही मारले गेले. घराण्याच्या दफनघरात तिला जागा नव्हती, म्हणून दोघांना आर्टस्टेटन या त्याच्या किल्ल्यात पुरलं. तुमच्या महालातही बसण्याचा क्रम, चालण्याचा क्रम, दारातून कोण आधी जातं, हे वापरा. शिवी न देता अपमान करायचं एवढं धारदार साधन दुसरं नाही.

राहिला गादी सोडण्याचा पर्याय. तो वाईट नाही, पण तुमची मैत्रीण समजते तितका सोपाही नाही. ब्रिटनचा राजा आठवा एडवर्ड याचं उदाहरण प्रत्येकाच्या मनात असतं आणि बहुतेकांना ते अर्धवट आठवतं. ज्या वॉलिस सिम्प्सनसाठी त्यानं गादी सोडली ती सामान्य घरातली होती ही मुख्य अडचण नव्हतीच. त्याच्या भावाची पत्नीही सरदारकन्या असली तरी राजकन्या नव्हती. अडचण दोन घटस्फोटांची होती, दोन्ही आधीचे पती हयात होते, आणि राजा हा चर्च ऑफ इंग्लंडचा प्रमुख. पत्नीला राणीपद न देता लग्न करण्याचा मधला मार्गही मंत्रिमंडळानं फेटाळला. 10 डिसेंबर 1936 रोजी त्यानं तीन भावांच्या साक्षीनं त्यागपत्रावर सही केली, दुसऱ्या दिवशी संसदेचा कायदा झाला. जून 1937 मध्ये फ्रान्समध्ये लग्न झालं, त्याच्या घरचं कुणी आलं नाही, आणि तिला ‘हर रॉयल हायनेस’ म्हणवून घ्यायचा मान दिला गेला नाही. मुद्दा पुढेच आहे: गादी हवेत राहत नाही. ती त्याच्या धाकट्या भावाच्या गळ्यात पडली, आणि त्या भावाची 10 वर्षांची मुलगी एका दिवसात वारस झाली.

तुमच्या युवराजाला 19 वर्षांची बहीण आहे. तिला समुद्रजीवशास्त्र शिकायचं आहे, असं तुम्ही 5व्या प्रकरणात लिहून ठेवलंय आणि मग तिला विसरून गेलात. युवराजानं गादी सोडली की ती या मुलीवर येते. त्याचा त्याग म्हणजे तिच्या आयुष्याचा ताबा. 23व्या प्रकरणात त्यानं सही करून हात झटकले तर वाचक टाळ्या वाजवेल आणि रात्री त्या बहिणीचा विचार करत बसेल. तेव्हा गादी सोडण्याचा विचार 16व्या प्रकरणाच्या आसपास येऊ दे, मसुदा तयार होऊ दे, आणि तो नायिकेनं बहिणीला भेटल्यावर थांबवावा. तिनं ‘माझ्यासाठी हे करू नकोस’ असं म्हणायला नको, ते फार ऐकलंय. तिनं म्हणावं, ‘तू हे माझ्यासाठी करतोयस, पण किंमत तिच्याकडून घेतोयस.’

मग शेवट कोणता? प्रेमकादंबरीच्या वाचकाला तुम्ही एक शब्द दिलेला असतो: शेवटी दोघं एकत्र. तो मोडू नका. पण एकत्र येण्याची किंमत रक्तात किंवा मुकुटात मोजण्याऐवजी काळात आणि अटींत मोजता येते. नॉर्वेचे हाराल्ड आणि सोन्या 1959 साली भेटले आणि त्यांचं लग्न 1968 साली झालं. नऊ वर्षं. तो एकुलता मुलगा होता, बहिणींना तेव्हा वारसाहक्क नव्हता, आणि त्यानं वडिलांना सांगितलं की हिच्याशी नाही तर कुणाशीच नाही. भांडण नाही, पळून जाणं नाही, पण सगळ्या घराण्याचं भवितव्य त्या एका वाक्यावर टांगलेलं. स्वीडनचे राजपुत्र बर्टिल आणि लिलियन तर 1943 साली भेटले आणि 7 डिसेंबर 1976 रोजी लग्न करू शकले. तो 64 वर्षांचा, ती 61. वारस पुतण्या लहान होता, दुसऱ्या दोन भावांनी असमान लग्नं करून हक्क गमावले होते, आणि वेळ पडल्यास कारभार सांभाळायला कुणीतरी लागणार होतं, म्हणून तो थांबला आणि ती त्याच्यासोबत थांबली.

तुम्हाला 33 वर्षं नकोत. पण 19व्या आणि 20व्या प्रकरणांच्या मध्ये दोन वर्षं जाऊ द्यायचं धाडस करा. मंत्रिमंडळाचा पहिला नकार येतो, ती दुसऱ्या गावी काम घेते, तो आपलं काम करत राहतो, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करतो. मग 22व्या प्रकरणात संमती येते, सोबत अटींचा कागद. या कागदाचा प्रसंग मोठा लिहा, चांगला अडीच-तीन हजार शब्दांचा. सचिव एकेक अट वाचतो. काही ती मान्य करते. काम सोडण्याची अट आली की ती पेन मागते. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद सांभाळले ती पहिल्यांदाच एका दस्तऐवजावर खाडाखोड करते. युवराजानं इथे मध्ये बोलू नये.

पुनर्लेखनाला बसताना पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. आधी कायद्याचं पान आणि कुणाला कधी कळतं त्याची यादी. मग खर्डा कागदावर छापून घ्या आणि प्रत्येक प्रसंगाच्या समासात लिहा की यात निर्णय कुणी घेतला. माझा अंदाज आहे की 10 ते 20 या प्रकरणांत नायिकेचं नाव दोन-तीनदाच येईल. ते निम्म्या प्रसंगांत तरी यायला हवं. त्यानंतर 12, 16 आणि 22 ही तीन प्रकरणं नव्यानं लिहा, आणि त्यांच्याकडे नेणारे दुवे शेवटी. 14 आणि 17 मधली भांडणं काढली की पाच-सहा हजार शब्द सुटतील, नव्या प्रकरणांना जागा होईल.

संवाद तपासताना ‘तू’ कधी येतं ते पाहा. तुमचे दोघं चौथ्या प्रकरणातच एकमेकांना अरे-तुरे करतात. ‘आपण’वरून ‘तुम्ही’वर आणि ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणं या दोन वेगळ्या घटना आहेत, पहिली सातव्याच्या आसपास ठेवा, दुसरी नवव्याच्या आधी येऊ देऊ नका, आणि दुसरी तिच्या तोंडून येऊ दे. लोकांसमोर ती पुन्हा ‘आपण’ म्हणते तेव्हा वाचकाला जे कळायचं ते कळतं. राजवाड्यातल्या माणसांना नाटकी भाषा देऊ नका. ती कामाचं, वेळेचं आणि गाड्यांचं बोलतात.

असाच विषय हाती घेतलेल्या इतरांसाठी दोन गोष्टी. राजकन्या आणि सामान्य तरुण अशी उलट जोडी असेल तर कायदा आधी पाहा, कारण फरक तिथेच पडतो. स्वीडनची युवराज्ञी व्हिक्टोरिया हिनं 2010 साली व्यायाम-प्रशिक्षक डॅनियल वेस्टलिंगशी लग्न केलं आणि तिचा हक्क कायम राहिला. जपानच्या माको यांनी 26 ऑक्टोबर 2021 रोजी लग्नाची नोंदणी केली आणि त्या दिवशी त्यांचं राजघराण्यातलं स्थान संपलं; अशा वेळी मिळणारी रक्कमही त्यांनी नाकारली. आणि कथा जुन्या काळातली असेल तर वर्ष नक्की केल्याशिवाय एक ओळ लिहू नका. ब्रिटनमधली जी जोडी 1954 साली अडकते, ती 2016 साली सहज लग्न करते, आणि मग तुम्हाला अडथळा दुसरीकडे शोधावा लागतो.